मुठीचा विचार ईईजीतून ओळखायचा कसा: साध्या लॅपटॉपवर, पायरीपायरीने

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरू लागले की एखादा तरी गट ‘मेंदूच्या लहरींवर चालणारी व्हीलचेअर’ निवडतोच. वर्षअखेरीस अहवालात ९८ टक्के अचूकता छापलेली असते आणि व्हीलचेअर मात्र जागची हललेली नसते. हे दोन्ही एकाच वेळी कसं घडतं, हे कळलं की या विषयातलं निम्मं काम कळलं. क्लासिफायर, म्हणजे सिग्नल कोणत्या वर्गातला ते ठरवणारा प्रोग्रॅम, लिहायला वीस-पंचवीस ओळी पुरतात. आलेला आकडा खरा आहे का, हे तपासायला महिने जातात, म्हणून या लेखातला मोठा भागही तपासणीवरच आहे.

लागणारं सामान थोडकं आहे: आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, पायथॉन, आणि एमएनई, सायकिट-लर्न व पायरीमन या तीन फुकट लायब्ररी. हेडसेट एवढ्यात घेऊ नका. तयार डेटावर जो गट प्रामाणिक आकडा काढू शकत नाही, त्याला नवा हेडसेट घेऊनही तो काढता येत नाही.

नेमकं काय मोजतोय

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूच्या विद्युत चढउतारांचा आलेख, नोंदवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ (बीसीआय), म्हणजे मेंदूच्या सिग्नलवर यंत्र चालवणारी जोडणी, हा शब्द १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या जॅक विदाल यांनी रूढ केला. १९८८ मध्ये फारवेल आणि डोंचिन यांनी हवं ते अक्षर चमकलं की मेंदूत उमटणाऱ्या पी-३०० लहरीवर चालणारी अक्षरपाटी दाखवली. आज विद्यार्थ्यांसमोर तीन मुख्य रस्ते आहेत: पी-३००, ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या चौकोनांकडे पाहून निवड करायची एसएसव्हीईपी, आणि हालचालीची नुसती कल्पना करायची मोटर इमेजरी.

परीक्षकांसमोर डेमो चाललाच पाहिजे अशी अट असेल, तर डोळे झाकून एसएसव्हीईपी घ्या. तो बहुतेकांवर चालतो आणि सरावही फारसा लागत नाही. (अपस्माराचा त्रास असलेल्या कुणालाही लुकलुकणाऱ्या पडद्यासमोर बसवू नका.) मोटर इमेजरी अवघड आहे, पण सिग्नलचं वर्गीकरण शिकायला तिच्याइतका चांगला विषय नाही. म्हणून पुढे तीच घेतली आहे.

हात स्वस्थ असताना डोक्याच्या वरच्या भागात, साधारण एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड बसतो त्या पट्ट्यात, ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय चालू असते. हात हलवला, किंवा हलवतोय अशी कल्पना केली, की ती दबते. उजव्या हाताची कल्पना केली तर डाव्या बाजूच्या सी-३ इलेक्ट्रोडवर ती जास्त दबते आणि डाव्या हाताची केली तर सी-४ वर. पायांचा परिणाम मधोमध, सी-झेडच्या आसपास दिसतो. १३ ते ३० हर्ट्झच्या बीटा पट्ट्यातही असाच बदल होतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या फुर्टशेलर यांच्या गटाने ही घट वर्षानुवर्षं अभ्यासली.

गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार पुलावरून ऐकला तर एकाही भाजीवाल्याचं बोलणं कळत नाही, पण एका बाजूचा गलका अचानक कमी झाला तर तेवढं नक्की कळतं. ईईजीतून आपल्या हाती येतं ते इतकंच. ‘मनातला विचार वाचणं’ वगैरे शब्द अहवालात घालायचा मोह आवरा.

डेटा: १०९ माणसं आणि एक सापळा

शरीराच्या सिग्नलांच्या नोंदी देणाऱ्या फिजिओनेट या संकेतस्थळावर मोटर इमेजरीचा मोठा संच मोफत मिळतो. त्यात १०९ स्वयंसेवक, ६४ इलेक्ट्रोड आणि सेकंदाला १६० नमुने आहेत. प्रत्येकाच्या १४ फेऱ्या आहेत. एमएनईमध्ये हा संच उतरवून घ्यायची तयार सोय आहे, फक्त माणसाचा आणि फेऱ्यांचा क्रमांक द्यायचा.

सापळा फेऱ्यांत आहे. पहिल्या दोन फेऱ्या सोडल्या तर प्रत्येक फाइलमध्ये टी-०, टी-१ आणि टी-२ अशा खुणा असतात. टी-० म्हणजे विश्रांती. पण टी-१ आणि टी-२ चा अर्थ फेरीगणिक बदलतो. ४, ८ आणि १२ या फेऱ्यांत टी-१ म्हणजे डाव्या मुठीची कल्पना आणि टी-२ म्हणजे उजव्या मुठीची. ६, १० आणि १४ मध्ये टी-१ म्हणजे दोन्ही मुठी आणि टी-२ म्हणजे दोन्ही पाय. ३, ७ आणि ११ मध्ये मूठ खरोखर वळायची असते, कल्पना नाही. सगळ्या फेऱ्या एकत्र ओतून टी-१ विरुद्ध टी-२ असं मॉडेल शिकवलं तर डावी मूठ, दोन्ही मुठी, कल्पना आणि खरी हालचाल या सगळ्यांची खिचडी होते. कोड कुठेही अडत नाही, चूक दाखवत नाही, आणि म्हणूनच ही चूक महागात पडते.

आणखी दोन गोष्टी फाइल उघडताच बघा. इलेक्ट्रोडच्या नावांपुढे ठिपके असतात, ते काढल्याशिवाय डोक्याचा नकाशा जुळत नाही. एमएनईत त्यासाठी एका ओळीचं काम आहे. शिवाय ८८, ९२ आणि १०० या क्रमांकांच्या माणसांच्या नोंदी १६० ऐवजी १२८ हर्ट्झच्या आहेत. त्या वगळा, आणि वगळल्या हे लिहा.

सुरुवात एका माणसाच्या ४, ८ आणि १२ या तीन फेऱ्यांनी करा. प्रत्येक फेरीत मुठीच्या कल्पनेचे १५ प्रयत्न असतात, म्हणजे एकूण ४५. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

फिल्टर आणि तुकडे

८ ते ३० हर्ट्झचा बँडपास फिल्टर (तेवढाच पट्टा ठेवणारा) अखंड नोंदीवर लावा आणि मगच प्रत्येक प्रयत्नाचा एक असे तुकडे पाडा. आधी तुकडे पाडून फिल्टर लावला तर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना खोटे चढउतार उमटतात. सवयीने ५० हर्ट्झचा नॉच, म्हणजे विजेचा तेवढाच गोंगाट कापणारा फिल्टर, टाकणाऱ्यांसाठी एक सूचना: हा डेटा अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला नोंदवलेला आहे आणि तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. अर्थात ३० च्या वरचं सगळं आपण कापतोच आहोत, त्यामुळे इथे नॉचची गरजच नाही. तरीही अहवालात ‘५० हर्ट्झचा गोंगाट काढला’ असं दिसलं की नीट वाचणाऱ्या परीक्षकाला काय ते कळतं.

पडद्यावर मुठीचा संकेत दिसल्यानंतरचा १ ते ३ सेकंद हा भाग घ्या. पहिलं सेकंद सोडायचं कारण, पडद्यावर काही उमटलं की दृष्टिकेंद्रात त्याची प्रतिक्रिया येते, ती मुठीची कल्पना नसते. फार गढूळ तुकडे टाकून द्यायचे असतील तर हे ध्यानात असू द्या की एमएनई सगळं व्होल्टमध्ये मोजतं. १०० मायक्रोव्होल्टची मर्यादा म्हणजे ०.०००१ व्होल्ट. तिथे नुसतं १०० लिहिलं तर एकही तुकडा कधीच गळत नाही आणि आपण मात्र सफाई झाली असं समजून पुढे जातो.

प्रत्येक तुकड्याला डावी-उजवीचं लेबल तर असतंच. त्यासोबत तो कोणत्या फेरीतला, हेही एका वेगळ्या यादीत आत्ताच लिहून ठेवा.

सीएसपी आणि एलडीए

सीएसपी, म्हणजे कॉमन स्पेशियल पॅटर्न, ६४ इलेक्ट्रोडची अशी मिश्रणं शोधतो की डाव्या मुठीच्या वेळी एका मिश्रणातले चढउतार जास्तीत जास्त असावेत आणि उजव्या मुठीच्या वेळी कमीत कमी, आणि दुसऱ्या मिश्रणात याच्या उलट. अशी चार मिश्रणं पुरेशी असतात. प्रत्येकातल्या चढउताराचा, म्हणजे व्हेरियन्सचा, लॉग घेतला की प्रत्येक तुकड्यामागे चार आकडे मिळतात. ते एलडीएला (लिनियर डिस्क्रिमिनंट अ‍ॅनालिसिस) द्यायचे. एलडीए त्या चार आकड्यांच्या जागेत एक सपाट सीमा आखतो. झालं.

इलेक्ट्रोड ६४ आणि प्रयत्न ४५ असं गणित असल्यामुळे सीएसपी भलत्याच गोष्टी पाठ करतो. त्यावर दोन उपाय आहेत: कोव्हेरियन्स (इलेक्ट्रोड एकमेकांसोबत किती बदलतात त्याचं माप) काढताना लेडॉइट-वुल्फ प्रकारचं श्रिंकेज लावा, म्हणजे टोकाचे आकडे मध्याकडे ओढा, किंवा हेअरबँडच्या पट्ट्यातले वीसेक इलेक्ट्रोडच ठेवा. मी दुसरा सुचवेन, कारण तो वहीत काढून दाखवता येतो आणि तोंडी परीक्षेत समजावून सांगता येतो.

आकडा खरा की खोटा

आता ९८ टक्क्यांची गोष्ट. खोटी अचूकता येण्याचे रस्ते ठरलेले आहेत.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा रस्ता असा. ४५ प्रयत्न कमी वाटतात, म्हणून प्रत्येक प्रयत्नाचे एकमेकांवर चढणारे छोटे तुकडे पाडायचे, अर्ध्या सेकंदाचे, दहा-दहा नमुने पुढे सरकवत. ४५ चे हजारावर होतात. मग सगळे पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला. आता तपासणीतल्या प्रत्येक तुकड्याचा जुळा भाऊ शिकवणीत बसलेला असतो. मॉडेलला मूठ ओळखायची गरजच उरत नाही, हा तुकडा कुठल्या प्रयत्नातला ते ओळखलं की उत्तर तयार.

दुसरा रस्ता: सीएसपी सगळ्या ४५ प्रयत्नांवर बसवायचा आणि नंतर एलडीएची तपासणी करायची. सीएसपीला लेबलं लागतात, म्हणजे तपासणीची उत्तरं त्याने आधीच पाहिली. म्हणून सीएसपी आणि एलडीए सायकिट-लर्नच्या एका पाइपलाइनमध्ये बांधा, म्हणजे प्रत्येक वेळी दोन्ही फक्त शिकवणीच्या भागावर बसतील. स्केलिंग आणि फीचर निवडणं यांनाही हाच नियम. प्रयत्न कमी म्हणून कृत्रिम नमुने तयार करत असाल, तर तेही विभागणी झाल्यावरच.

तिसरा रस्ता लपलेला असतो. स्वतः नोंद घेताना आधी डाव्या मुठीचे सगळे प्रयत्न आणि मग उजव्या मुठीचे सगळे, असं केलं जातं. अर्ध्या तासात इलेक्ट्रोडखालचं जेल सुकतं, माणूस पेंगतो, घाम येतो. मॉडेल ‘आधीचा अर्धा भाग’ आणि ‘नंतरचा अर्धा भाग’ यांत फरक करायला शिकतं. चित्रं पाहताना घेतलेल्या ईईजीचं वर्गीकरण करणारे काही गाजलेले निकाल नेमके याच कारणाने वादात सापडले. अशा गटवार घेतलेल्या नोंदीला नंतर कसलाही उपाय नाही, ती पुन्हाच घ्यावी लागते.

मग विभागणी करायची कशी? फेरीनुसार. दोन फेऱ्यांवर शिकवा, तिसरीवर तपासा, असं आळीपाळीने तीनदा. म्हणजे ३० प्रयत्न शिकवणीला आणि १५ तपासणीला. मघाशी करून ठेवलेली फेऱ्यांची यादी सायकिट-लर्नला ‘ग्रुप’ म्हणून दिली की हे काम तोच करतो. ९८ चे ६५ झाले तर घाबरू नका. तुमचा पहिला खरा आकडा हाच.

पण ६५ म्हणजे तरी काही आहे का? दोन वर्गांत नुसतं नाणं उडवलं तरी ५० टक्के येतात, हे सगळेच लिहितात. ४५ प्रयत्नांत नाण्याच्या नशिबाने ५० पेक्षा बरंच जास्त येऊ शकतं, हे फार थोडे लिहितात. द्विपद वितरणाने हिशेब केला तर ४५ पैकी निदान २९ बरोबर आले, म्हणजे साधारण ६४ टक्के, तरच ‘हे नुसतं नशीब नसावं’ असं पाच टक्क्यांच्या पातळीवर म्हणता येतं. ६० टक्क्यांवर पेढे वाटू नका.

याहून भक्कम कसोटी म्हणजे लेबलं पिसण्याची. ४५ प्रयत्नांची डावी-उजवी लेबलं यादृच्छिक अदलाबदल करा आणि तीच सगळी पाइपलाइन पुन्हा चालवा, शेकडो वेळा. सरासरी ५० च्या आसपास आली पाहिजे. इथे एक बारकावा आहे. तुम्ही छोटे तुकडे पाडत असाल, तर लेबलं तुकडे पाडण्याआधी, प्रयत्नाच्या पातळीवर पिसा. खोट्या लेबलांवरही ९० टक्के आले तर गळती, म्हणजे तपासणीची उत्तरं शिकवणीत शिरणं, रंगेहाथ सापडली. कुणी मोठा आकडा दाखवला की त्याला एवढी एकच कसोटी करायला सांगा.

शेवटचा रस्ता सगळ्यात सभ्य दिसतो: वेगवेगळे फ्रिक्वेन्सी पट्टे, वेळेच्या खिडक्या आणि सीएसपीच्या मिश्रणांची संख्या यांची ढीगभर मिश्रणं चालवायची आणि सगळ्यात चांगलं तेवढं छापायचं. प्रयोग जरूर करा, पण पहिल्या वीस माणसांवर. सगळं ठरलं की कोडला हात न लावता उरलेल्या माणसांवर एकदाच चालवा.

मूठ की नजर?

या संचात डाव्या मुठीचा संकेत पडद्याच्या डाव्या बाजूला उमटतो आणि उजव्या मुठीचा उजव्या बाजूला. माणूस साहजिकच तिकडे बघतो. बुबुळ हललं की कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर मोठा सिग्नल येतो. म्हणजे तुमचा क्लासिफायर मुठीऐवजी नजर वाचत असू शकतो. ८ हर्ट्झच्या खालचं कापल्याने यातला बराच भाग जातो, सगळा जात नाही.

तपासणी सोपी आहे. तीच पाइपलाइन फक्त कपाळावरच्या आणि डोळ्यांच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर चालवा: एफपी-१, एफपी-२, एएफ-७, एएफ-८, एफ-७, एफ-८. तिथेही तितकीच अचूकता आली तर मुठीचा दावा ढिला पडला. सोबत सीएसपीचे नकाशे डोक्यावर काढून बघा. सी-३ आणि सी-४ भोवती डाग असतील तर ठीक. कडेला, कपाळावर किंवा कानशिलावर असतील तर ते डोळे किंवा जबड्याचे स्नायू आहेत. नाशिकच्या उन्हाळ्यात तीन तास इलेक्ट्रोडची टोपी घालून बसलेला माणूस दात आवळतोच.

सीएसपीनंतर काय

सगळे थेट डीप लर्निंगकडे उडी मारतात. त्याआधी पायरीमन वापरून बघा. प्रत्येक तुकड्याचं कोव्हेरियन्स मॅट्रिक्स काढायचं, त्याला टँजंट स्पेसमध्ये सपाट करायचं, म्हणजे साध्या आकड्यांच्या यादीत बदलायचं, आणि साधं लॉजिस्टिक रिग्रेशन लावायचं. तीनच पायऱ्या, आणि थोड्या डेटावर ही पद्धत फार क्वचित दगा देते. एक पथ्य पाळा: सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी वजा केली असेल, किंवा आयसीएने (सिग्नल स्वतंत्र घटकांत वेगळा करणारी पद्धत) काही घटक काढले असतील, तर मॅट्रिक्सची रँक, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र ओळींची संख्या, कमी होते आणि लॉग घेताना गणित कोलमडतं. अशा वेळी थोडं श्रिंकेज लावा किंवा इलेक्ट्रोड कमी करा.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं ईईजीनेट हे छोटं न्यूरल नेटवर्क चांगलं आहे, पण एका माणसाच्या ४५ प्रयत्नांवर नाही. ते वापरायचं तर शंभर माणसांवर शिकवा आणि न पाहिलेल्या माणसावर तपासा. अनेक पद्धती एकाच मापाने तोलायच्या असतील तर मोआब ही लायब्ररी विभागणीचे नियम स्वतःच पाळते. तिच्यात बीसीआय कॉम्पिटिशन चारमधला २-ए हा संचही आहे: नऊ माणसं, २२ ईईजी इलेक्ट्रोड, चार वर्ग, आणि प्रत्येकाच्या दोन वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदी. चार वर्गांत नाण्याचा आकडा २५ टक्के असतो, हे तक्त्यात लिहा, नाहीतर ६० टक्के उगाच केविलवाणे दिसतात.

काही माणसांवर काहीही केलं तरी ५० च्या पुढे जाता येत नाही. मोटर इमेजरीत साधारण १५ ते ३० टक्के लोक असे असतात, असं या क्षेत्रात धरलं जातं. त्यांना तक्त्यातून गाळू नका.

स्वतःची नोंद घ्यायची झाली तर

आधी परवानगी. माणसांवरच्या संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि नैतिकता समितीची मंजुरी व लेखी संमती घ्यायलाच हवी. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ असलेल्या शहरात एखाद्या मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकांना सोबत घेणं जमायला हरकत नाही. त्यांच्याकडून इलेक्ट्रोड लावायलाही शिकून घ्या.

उपकरण घेताना इलेक्ट्रोड कुठे बसतात ते बघा. ध्यानासाठी विकला जाणारा म्यूज पट्टा कपाळावर आणि कानामागे टेकतो. सी-३ आणि सी-४ वर त्याचं काहीच नाही, त्यामुळे मुठीच्या कामाला तो निरुपयोगी. ओपनबीसीआयचं सायटन बोर्ड आठ चॅनलचं, २५० हर्ट्झचं आहे आणि इलेक्ट्रोड हव्या त्या जागी लावता येतात. कोणतंही घरगुती जोडकाम असो, नोंद घेताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, चार्जर काढून ठेवा. सिग्नल सुधारतो हा फायदा दुय्यम, डोक्याला चिकटलेल्या तारा आणि घरातली वीज यांची गाठ पडू नये हे महत्त्वाचं. सातपूर-अंबडच्या बाजूला, शेजारी मोठी मोटर चालू-बंद होत असेल अशा खोलीत बसलात तर ५० हर्ट्झ काय असतो ते पडद्यावरच दिसेल.

बसणाऱ्याला आदल्या रात्री तेल लावू नका म्हणून सांगा. सकाळी नुसता शाम्पू, कंडिशनर नको. आपल्याकडे हे सांगावंच लागतं, कारण खोबरेल तेल मुरलेल्या टाळूवर इलेक्ट्रोडचा अडथळा काही केल्या खाली येत नाही. वेणी असेल तर केस बाजूला करून थेट त्वचेवर पेस्ट लावा. पंखा तारांवर येऊ देऊ नका. आणि खोली गारच ठेवा, घामाने सिग्नल हळूहळू वाहवत जातो.

मुठीकडे वळण्याआधी एक मिनिट डोळे उघडे आणि एक मिनिट मिटलेले, अशी नोंद घ्या. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ-१ आणि ओ-२ वर, दहा हर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसलाच पाहिजे. बर्गर यांच्या काळापासून माहीत असलेली ही अल्फा लय आहे. काही निरोगी माणसांत ती दुबळी असते, म्हणून दोघा-तिघांवर बघा. कुणाचीच दिसली नाही, तर दोष जोडणीत आहे, पुढची नोंद घेण्यात अर्थ नाही.

डावी-उजवीचे संकेत मिसळून द्या, आणि शक्यतो पडद्याच्या मधोमध, एकाच जागी. माणसाला ‘मूठ दिसतेय’ अशी कल्पना नको, ‘मूठ आवळल्याचा ताण जाणवतोय’ अशी करायला सांगा. या एका सूचनेने पुष्कळ फरक पडतो.

थेट चालवायची वेळ आली की आणखी एक अडचण येते. लेखात वर वापरलेला फिल्टर पुढचे आणि मागचे दोन्ही नमुने बघून काम करतो. थेट चालवताना पुढचे नमुने अजून आलेलेच नसतात. म्हणून फक्त मागचे नमुने बघणारा फिल्टर लावा, आणि शिकवणीही त्याच फिल्टरने पुन्हा करा. दोन सेकंदांची खिडकी पाव-पाव सेकंदाने सरकवा, आणि सलग काही निर्णय एकाच बाजूचे आले तरच पडद्यावरचा चेंडू हलवा. व्हीलचेअर नको, चेंडूच. ‘काहीच करायचं नाही’ ही अवस्था क्लासिफायरला कुणी शिकवलेली नसते, त्यामुळे माणूस नुसता बसला तरी तो डावी किंवा उजवी काहीतरी ठरवतोच.

त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी परत बोलवा. पहिल्या दिवशी शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या दिवशी तसंच चालवून जो आकडा येतो तो अहवालात वेगळ्या रकान्यात छापा. तो जवळजवळ नेहमी घसरतो, कारण टोपी थोडी सरकलेली असते आणि माणूसही कालचा नसतो. घसरण भरून काढायला प्रत्येक दिवसाच्या कोव्हेरियन्स मॅट्रिक्सची वेगवेगळी सरासरी काढून दोन्हीकडचा डेटा एकाच मध्यावर आणता येतो. त्याला लेबलं लागत नाहीत, थोडे ताजे प्रयत्न पुरतात. ही दुरुस्ती करण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे प्रत्येक माणसापुढे लिहा.